नॉर्वेने स्वतःचाच गॅस बंद केला तर युरोपला काय त्रास? ‘ऑक्युपाईड’ सिरीज समजून घेताना

मागच्या महिन्यात भाचा आठ दिवस राहायला आला होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि त्याच्यासोबत मी ‘ऑक्युपाईड’ ही नॉर्वेची सिरीज दुसऱ्यांदा बघितली. पहिला एपिसोड संपल्यावर त्याने विचारलं, "मावशी, गॅस त्यांचा, समुद्र त्यांचा, मग त्यांनी बंद केला तर बाकीच्यांना एवढं झोंबायचं काय कारण?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडकले. सिरीज मला आवडली होती पण तेल, गॅस, नाटो, युरोपियन युनियन हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते मला धड सांगता येईना. मग चारपाच रात्री बसून वाचून काढलं. त्यातच २०२५ पासून ग्रीनलँडवरून जे चाललंय, म्हणजे अमेरिकेचा अध्यक्षच डेन्मार्क ह्या आपल्या मित्रदेशाचा भूभाग मागतो आणि २०२५ मधे तर बळाचा वापर करणार नाही असं म्हणायलाही त्याने नकार दिला, ते पेपरात वाचताना ही सिरीज सारखी आठवते. म्हणून भाच्याला जसं सांगितलं तसंच इथे लिहितेय. शेवट सांगणार नाही, काळजी नसावी.

आधी गोष्ट, थोडक्यात

सिरीज नॉर्वेच्या टीव्ही२ चॅनलवर ऑक्टोबर २०१५ मधे सुरू झाली, तीन सीझन आहेत, मूळ कल्पना यो नेस्बो ह्या थ्रिलर लेखकाची. काळ अगदी जवळच्या भविष्यातला. हवामान बदलामुळे आलेल्या एका भयंकर वादळाने नॉर्वेत हाहाकार माजवलाय, लोक हादरलेत आणि त्यांनी पर्यावरणवादी पक्षाला निवडून दिलंय. पंतप्रधान येस्पर बर्ग जाहीर करतो की आजपासून तेल आणि गॅस काढणं बंद, आम्ही थोरियमवर वीज करणार आणि ते तंत्रज्ञान जगालाही देणार. तिकडे मध्यपूर्व पेटलेली आहे, तिथलं तेल येत नाही, अमेरिकेचं स्वतःचं तेल भरपूर झाल्यामुळे ती नाटोतून बाहेर पडली आहे. म्हणजे युरोप चारी बाजूंनी कोंडीत.

मग बर्गचं अपहरण होतं. त्याला हेलिकॉप्टरमधे बसवून युरोपियन युनियनचा निरोप ऐकवला जातो की उत्पादन पुन्हा सुरू कर, नाहीतर रशियाच्या मदतीने आम्ही करू. थोड्या वेळाने त्याला सोडूनही देतात. आणि बर्ग, ज्याला रक्त सांडायला नकोय, तो मान्य करतो. इथून पुढे सगळी सिरीज म्हणजे त्या एका "ठीक आहे" चे परिणाम.

माल माझा, तर मर्जीही माझीच ना?

एक गाव डोळ्यासमोर आणा. गावात एकाच्या शेतात बारमाही विहीर आहे, आजूबाजूची सगळी वस्ती पन्नास वर्षं तिथून विकत पाणी घेतेय, पाईप टाकलेत, त्या पाण्याच्या भरवशावर लोकांनी ऊस लावलाय, घरं बांधलीत. एके दिवशी विहीरवाला म्हणतो की ह्या उपशाने सगळ्या शिवाराची जमीन खराब होतेय, मी उद्यापासून मोटर बंद करतोय. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असेल. सातबाराही त्याच्याच नावावर आहे. पण ज्याच्या घरात उद्या हंडा रिकामा राहणार आहे तो सातबारा बघत बसत नाही, तो गावातल्या दांडग्या माणसाकडे जातो आणि म्हणतो तुम्ही जरा त्याला समजावा. आता हा दांडगा माणूस स्वतः पाण्याचे टँकर चालवणारा असला तर? सिरीजमधला रशिया तो आहे. स्वतः गॅस विकणारा देश दुसऱ्याच्या गॅसवर नजर ठेवायला जातो, तेव्हा त्याला गॅस नको असतो, कॉक हातात हवा असतो.

कायदा नॉर्वेच्याच बाजूने आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६२ मधेच ठराव केलाय की नैसर्गिक संपत्तीवर त्या त्या देशाचा कायमचा हक्क. भाच्याचा प्रश्न म्हणजे तो ठरावच होता खरं तर.

आणि नॉर्वेला बंद करणं परवडतंही, ही ह्यातली गंमत नाही, गुंतागुंत आहे. १९६९ च्या नाताळात त्यांना उत्तर समुद्रात एकोफिस्कचा मोठा साठा सापडल्याचं कळलं, तेव्हापासून ते श्रीमंत होत गेले, पण त्यांची घरची वीज जवळजवळ ९० टक्के पाण्यावर होते आणि २०२४ मधे तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांतल्या साधारण नऊ इलेक्ट्रिक होत्या. काढलेला गॅस जवळपास सगळा बाहेर जातो. तेल कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के टॅक्स घेऊन तो पैसा त्यांनी एका फंडात टाकलाय, त्यात आज १ ट्रिलियन डॉलरच्या, म्हणजे १ लाख कोटी डॉलरच्या, कितीतरी वर रक्कम आहे आणि लोकसंख्या जेमतेम ५५ लाख, आपल्या पुण्यापेक्षा कमीच. म्हणजे विहीरवाल्याच्या स्वतःच्या घरात नळ वेगळा आहे. मोटर बंद केली तर तहान शेजाऱ्यांना लागणार, त्याला नाही. ही गोष्ट लक्षात घेतली की युरोपचा राग निदान समजतो.

गॅस दुसरीकडून घ्यायचा, त्यात काय एवढं?

हा भाच्याचा दुसरा प्रश्न, आणि इथे तेल आणि गॅस ह्यातला फरक कळायला हवा. तेल बॅरलमधे भरा, जहाजात ओता, कुठूनही कुठेही जातं. गॅसचं तसं नाही. तो मुख्यतः पाईपने जातो आणि पाईप एकदा टाकला की तो दोन टोकांनाच जोडलेला असतो, समुद्राच्या तळाशी हजारेक किलोमीटर. नॉर्वेतल्या न्यूहाम्नापासून इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंतची लँगेलेड पाईपलाईन ११६६ किलोमीटरची आहे. विकणारा गिऱ्हाईक बदलू शकत नाही आणि घेणारा दुकान बदलू शकत नाही.

आमच्या सोसायटीत सात वर्षांपूर्वी पाईपचा गॅस आला तेव्हा सगळ्यांनी हौसेने सिलिंडर परत केले. मागच्या पावसाळ्यात रस्ता खोदताना कुणीतरी लाईन फोडली आणि दोन दिवस सगळ्या बिल्डिंगच्या शेगड्या थंड. कुकर लावून ठेवलेला, तांदूळ भिजलेले, बर्नरला लायटर मारतेय आणि नुसता टकटक आवाज. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एक जुना सिलिंडर बाल्कनीत ठेवला होता, त्या दोन दिवसांत सहा घरांचा चहा त्यांच्याकडे झाला. पाईप म्हणजे सोय आणि पाईप म्हणजे अवलंबून असणं, हे मला त्या कुकरपाशी कळलं.

गॅसचा सिलिंडर देशांसाठीही असतो, त्याला एलएनजी म्हणतात. गॅस उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड केला की त्याचा पाण्यासारखा द्रव होतो, जागा ६०० पटीने कमी लागते आणि मग तो जहाजात भरता येतो. आपल्या रत्नागिरीत दाभोळला असली जहाजं उतरतात. पण ते थंड करायचे कारखाने, ती जहाजं, परत गरम करायची टर्मिनल्स, हे सगळं उभं करायला वर्षं लागतात आणि जर्मनीत निम्मी घरं गॅसवर तापतात. जानेवारीत मायनस दहा असताना वर्षं कोण थांबणार.

पण थोरियम होतं ना त्यांच्याकडे?

थोरियम हा आपल्या केरळ, तमिळनाडूच्या वाळूत भरपूर मिळणारा किरणोत्सारी धातू. नॉर्वेतही तेलेमार्क भागात त्याचे साठे आहेत. लोकांना वाटतं की युरेनियमसारखा घेतला आणि भट्टीत टाकला. तसं होत नाही. थोरियम म्हणजे ओलं लाकूड समजा, स्वतः पेटत नाही. पेटत्या चुलीच्या कडेला ठेवलं की वाळतं, मग पेटतं. तसं अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा झाला की थोरियमचं युरेनियम-२३३ होतं आणि ते खरं इंधन. म्हणजे आधी दुसरी कुठली तरी चूल पेटलेली लागते.

होमी भाभांनी भारताचा तीन टप्प्यांचा अणुकार्यक्रम आखला तो ह्याच लाकडासाठी, आणि ट्रॉम्बेच्या बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, आपली माणसं किती वर्षं ह्याच्यामागे आहेत. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही अणुभट्टी थोरियमपासून केलेल्या युरेनियम-२३३ वर १९९६ पासून चालते, फार अभिमानाची गोष्ट आहे, पण तिची ताकद ३० किलोवॉट, म्हणजे बाथरूममधले पंधराएक गिझर. अख्ख्या शहराला थोरियमवर वीज देणारं केंद्र आज जगात कुठेही चालू नाही. त्यामुळे सिरीजमधलं चकाचक थोरियम केंद्र ही लेखकांनी घेतलेली सूट आहे, आणि मला ती चालते, कारण बर्गची चूक थोरियमच्या विज्ञानात नाहीच. नवीन विहिरीला पाणी लागलंय, सगळ्यांच्या घरापर्यंत पाईप गेलाय, हे व्हायच्या आधी त्याने जुनी मोटर बंद केली. माणूस मनाने चांगला, मुद्दा खरा, आणि वेळ चुकली. मला त्याची सगळ्यात जास्त कणव इथे येते.

रणगाडे नाहीत, गोळीबार नाही, मग ह्याला कब्जा कशाला म्हणायचं?

हा सिरीजचा गाभा आहे. पहिल्या दिवशी काय होतं? समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काही रशियन येतात, उत्पादन पूर्ववत झालं की जातील म्हणतात. संसद चालू, पेपर चालू, मुलं शाळेत. पहिल्या सीझनमधे एक एपिसोड म्हणजे एक महिना, एप्रिल, मे, जून असा, आणि ही मांडणी मला फार हुशारीची वाटते कारण दर महिन्याला एकच पाऊल मागे जातं, आणि ते पाऊल त्या महिन्यापुरतं अगदी शहाणपणाचं वाटतं. कामगार आलेत तर त्यांना संरक्षण नको का? संरक्षण आलं तर त्यांची राहायची सोय नको का? कुणी रशियनांवर हल्ला केला तर आपलेच पोलीस आपल्याच माणसाला पकडणार ना? बर्ग दरवेळी स्वतःला सांगतो की अजून कुणाचा जीव गेला नाही.

त्यात एक बेंटे नावाची बाई आहे, ऑस्लोत रेस्टॉरंट चालवते, धंदा बुडायला आलेला. रशियन येतात आणि टेबलं भरायला लागतात. नवरा पत्रकार, तो ह्या प्रकरणाच्या खोलात शिरतोय, आणि ही घरचे हप्ते फेडतेय. ती वाईट नाही. तिने बिल फाडायचं की नाही? मी दोन्ही वेळेला तिच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं आणि दोन्ही वेळेला मला वाटलं की मीही जेवण वाढलंच असतं.

आपल्याला हे नवीन वाटायला नको खरं तर, शाळेत तैनाती फौज पाठ केली आहे सगळ्यांनी, मार्कांपुरती. १८०२ च्या ऑक्टोबरमधे हडपसरला यशवंतराव होळकरांनी हरवलं म्हणून दुसरा बाजीराव पळाला, इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह केला. तहात काय होतं? पेशव्यांच्या संरक्षणासाठी कंपनीची सहा हजार फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराज्याशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. पुढच्या मे महिन्यात बाजीराव थाटात पुण्यात परत आला, गादी त्याचीच, शनिवारवाडा त्याचाच. फक्त संगमावर इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता आणि काय होणार ते तिथे ठरायचं. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं १८१७ च्या नोव्हेंबरमधे, पण लढायची वेळ आली तोवर पंधरा वर्षं निघून गेली होती. सिरीजमधली रशियन राजदूत इरिना सिदोरोवा, तिचं ते शांत बोलणं, "आम्ही तुमच्या मदतीलाच आहोत", हे बघताना मला सारखा संगमावरचा तो बंगला आठवत होता.

नॉर्वेच्या लोकांची आठवण मात्र वेगळी आणि जास्त ताजी आहे. ९ एप्रिल १९४० ला हिटलरचं सैन्य उतरलं, त्यामागे जी कारणं होती त्यात एक मोठं कारण स्वीडनचं लोखंड. हिवाळ्यात स्वीडनकडचा समुद्र गोठतो, तेव्हा ते लोखंड नॉर्वेच्या नार्विक बंदरातून जर्मनीला जायचं. म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्याला लागणारा माल तुमच्या दारावरून जातो म्हणून तुमचा देश जातो. राजा सातवा हाकोन शरण गेला नाही, आणि क्विस्लिंग नावाचा पुढारी जर्मनांना मिळाला, त्याच्या नावाचा अर्थच युरोपभर देशद्रोही असा झाला. म्हणून बर्ग दर एपिसोडला ज्या दोरीवर चालतो, तिच्या एका टोकाला हाकोन आणि दुसऱ्या टोकाला क्विस्लिंग आहे, नॉर्वेच्या प्रेक्षकाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

नाटो काय झोपलं होतं?

नाटो म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर, असा करार, नॉर्वे त्यात १९४९ पासून. सिरीजमधे अमेरिका बाहेर पडली आहे त्यामुळे उरलेल्या नाटोत तेच देश आहेत ज्यांना गॅस हवाय. पण अमेरिका असती तरी प्रश्न सुटला असता का? कराराचं पाचवं कलम नीट वाचलं तर प्रत्येक देशाने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची आहे, सैन्यच पाठवलं पाहिजे असं नाही. आणि मुळात हल्ला झालाय हे कुणीतरी म्हणावं लागतं. ज्या देशाचा पंतप्रधानच टीव्हीवर सांगतोय की सगळं आमच्या संमतीने चाललंय, त्याच्यासाठी बाहेरचा कोण धावून जाणार? चोर घरात आणि घरमालक दारात उभा राहून शेजाऱ्यांना सांगतोय की पाहुणे आलेत.

हे जरा अतीच नाही का? युरोप असं कधी करेल?

करणार नाही, आणि केलंही नाही. २०२२ मधे उलटंच झालं. २०२१ पर्यंत युरोपियन युनियन बाहेरून जो गॅस आणायची त्यातला ४० टक्क्यांच्या वर रशियाचा होता. युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियानेच नळ आवळत नेला, सप्टेंबरच्या सुरुवातीला नॉर्ड स्ट्रीम १ पाईपलाईन बेमुदत बंद ठेवली, आणि २६ सप्टेंबरला बाल्टिक समुद्राच्या तळाशी नॉर्ड स्ट्रीमच्या पाईपलाईन स्फोटांनी फुटल्या. त्याच सुमाराला नॉर्वेच्या प्लॅटफॉर्मजवळ अनोळखी ड्रोन दिसायला लागले, सरकारने सैन्य पहाऱ्याला लावलं. तेव्हा नॉर्वेने कॉक बंद केला नाही, जास्त उघडला, आणि आज तो युरोपियन युनियनला सगळ्यात जास्त गॅस देणारा देश आहे, बाहेरून येणाऱ्यातला साधारण ३० टक्के.

त्यामुळे सिरीजचं भाकीत चुकलं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण विहिरीचा नियम तोच राहिला. मे २०२२ मधे पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान जाहीरपणे म्हणाले की युद्धामुळे गॅसचे भाव वाढून नॉर्वेला जो जास्तीचा नफा झालाय तो त्यांनी वाटून टाकावा. म्हणजे माल तुमचा आहे पण गरज आमची आहे, म्हणून त्यात आमचाही शब्द, हे एका मित्रदेशाने उघड बोलून दाखवलं. आणि नॉर्वेच्या आतही हेच धुमसतंय. जर्मनी आणि इंग्लंडला विजेच्या केबल २०२१ मधे जोडल्या गेल्या, पुढे गॅस महागला तसे दक्षिण नॉर्वेत विजेचे भाव चढले, लोक चिडले की पाणी आमचं, धरणं आमची, भाव जर्मनीचा का. जानेवारी २०२५ मधे युरोपियन युनियनचे ऊर्जेचे नियम स्वीकारायचे की नाही ह्यावरून सरकारमधला एक पक्ष बाहेर पडला. नॉर्वे युरोपियन युनियनचा सभासदसुद्धा नाही, १९७२ आणि १९९४ असं दोनदा लोकांनी मतदान करून नाही म्हटलंय. पण पाईप आणि केबल सभासदत्व बघत नाहीत.

ह्याची झळ किती लांब जाते बघा. २०२२ मधे युरोपने मिळेल त्या भावाने एलएनजीची जहाजं उचलली तेव्हा पाकिस्तान, बांगलादेशात लोडशेडिंग सुरू झालं. आपल्याकडे रशियन कंपनीशी करार झालेल्या काही खेपा आल्याच नाहीत आणि खत कारखान्यांच्या गॅसमधे कपात करावी लागली. युरिया गॅसपासून होतो. नॉर्वे, जर्मनी, रशिया असं म्हटलं की लांबचं वाटतं, पण सोसायटीच्या दुकानात युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभा असलेला शेतकरी त्याच पाईपच्या एका टोकाला आहे.

रशियाला मुद्दाम व्हिलन केलंय का?

रशियाला तसंच वाटलं. सिरीज आली तेव्हा ऑस्लोतल्या रशियन वकिलातीने जाहीर नाराजी व्यक्त केली, की दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाला ७० वर्षं होत असताना, उत्तर नॉर्वे सोडवायला सोव्हिएत सैनिकांनी काय केलं ते विसरून लोकांना पूर्वेच्या धोक्याची भीती घातली जातेय. कल्पना नेस्बोला सुचली २००८ च्या सुमाराला, रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला त्याच्या कितीतरी आधी, पण पडद्यावर आली तोवर क्रिमियाचं ते सगळं झालेलं होतं, त्यामुळे तक्रार ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

मला विचाराल तर सिरीजने रशियाला जेवढं झोडपलंय त्याहून जास्त युरोपियन युनियनला आणि त्याहून जास्त स्वतःच्या सरकारला झोडपलंय. आणि वकिलातीच्या म्हणण्यात तथ्य नाही असंही नाही. नॉर्वे आणि रशियाची हद्द दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, तिच्याजवळ किर्केनेस नावाचं छोटं गाव आहे. ऑक्टोबर १९४४ मधे जर्मनांकडून ते सोडवलं रेड आर्मीने, म्हणजे सोव्हिएत सैन्याने. गाव जवळजवळ बेचिराख झालेलं होतं. सप्टेंबर १९४५ मधे रशियन सैन्य कुणी न हाकलता परत गेलं, आणि त्या सैनिकांचं स्मारक गावाने उभारलं, ते आजही आहे. किर्केनेसमधे रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, वर नॉर्वेजियन आणि खाली रशियन.